गॅस ड्रायर आधी गरम, मग थंड: दोष कॉइलमध्ये निघाला

अमेरिकेतल्या घरातला नॅचरल गॅसवरचा ड्रायर. पहिली पाच-सात मिनिटं कडक गरम हवा, मग ड्रम नुसताच फिरतो आणि कपडे दमटच. तासाभराने लावला की पुन्हा तेच.

लिंटची (कपड्यांच्या तुसाची) जाळी, मागचा हवा बाहेर नेणारा ४ इंची डक्ट साफ केला, थर्मल फ्यूज (जास्त तापल्यास वीज तोडणारा) तपासला. तीन शनिवार पाण्यात.

खरी खूण बर्नरपाशी: इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) नारिंगी तापतो, विझतो, ज्योत मात्र येत नाही. (इग्नायटर विझतच नसेल तर फ्लेम सेन्सर, म्हणजे ज्योतीची उष्णता ओळखणारा स्विच, बघा.) गॅस व्हॉल्व्हवरच्या कॉइल (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची वेटोळी) तापल्या की काम सोडतात, थंड असताना मल्टिमीटरवर ठणठणीत दिसतात, म्हणून मीटरवर विसंबू नका.

प्लग काढा, गॅसचा कॉक बंद करा, पुढचं पॅनेल उघडा. वायरींचा फोटो घ्या. कनेक्टर सोडवा, कॉइलवरच्या पट्टीचे दोन स्क्रू काढा, कॉइल वर ओढा. दोन्ही एकदमच बदला; एकीला दोन पिना, दुसरीला तीन, त्यामुळे अदलाबदल होत नाही. गॅसचा पाइप सोडवायचा नाही. इग्नायटर ठिसूळ, त्याला धक्का नको. पट्टी घट्ट करा, पॅनेल लावा, कॉक उघडा आणि सलग ४० मिनिटं चालवा. ज्योत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही पेटली पाहिजे.