राज्यसेवा पूर्वच्या आधीचा शनिवार आणि पेपरचा रविवार, काय काय बघून ठेवायचं

एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा तोंडावर आलीय, त्यामुळे काय वाचायचं ते मी सांगणार नाही, आता नवीन पुस्तक हातात घेऊ नका एवढंच. मला बोलायचंय ते शेवटच्या दोन दिवसांबद्दल, कारण वर्षभर अभ्यासिकेत बसून त्या दोन दिवसांत मार्क घालवलेली पोरं मी बघितलीत आणि एका वर्षी मीही त्यातच होते.

प्रवेशपत्राच्या दोन प्रिंट आजच काढा, रविवारी सकाळी झेरॉक्सवाला उघडा मिळत नाही. सोबत ओरिजिनल ओळखपत्र, म्हणजे आधार, पॅन, मतदान कार्ड, पासपोर्ट नाहीतर स्मार्ट कार्डवालं लायसन, आणि त्याची झेरॉक्स. मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून जाऊ नका. लग्नानंतर नाव बदललेल्या तायांनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेटची कॉपी फाइलमध्ये टाकाच. काळ्या शाईचे बॉलपेन तीन घ्या, आणि कोरे नकोत, आठवडाभर वापरून हात बसलेले.

आता सेंटर. हे नीट वाचा. नाशिकमध्ये एकाच संस्थेच्या, जवळजवळ एकाच नावाच्या शाळा दोन-तीन ठिकाणी आहेत. मी नाव वाचलं आणि पत्ता न वाचता पंचवटीतल्या शाळेवर गेले, आमच्या घरापासून जवळच म्हणून खूश पण होते. साडेआठला गेटवर चिटपाखरू नाही, वॉचमन काका म्हणाले ताई इथं सेंटरच नाहीये, तुमचं नाशिकरोडला असेल. तिथून पप्पांनी अ‍ॅक्टिव्हा काढली, द्वारकाला ट्रॅफिकमध्ये अडकलो, मी मागे बसून फाइल छातीशी धरलेली आणि सारखं घड्याळ बघतेय. गेट बंद व्हायच्या जरासं आधी आत गेले पण हात इतके कापत होते की पहिले वीस प्रश्न वाचून डोक्यातच शिरले नाहीत. म्हणून सांगते, शनिवारी दुपारी प्रत्यक्ष सेंटरवर जाऊन गेट बघून या, मॅपवर बघून भागत नाही. सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्यांनी शक्यतो शनिवारीच मुक्कामाला या, सीबीएस बस स्टँडला उतरून पुढं नाशिकरोड म्हणजे अजून आठ-दहा किलोमीटर, पहाटेच्या एसटीवर एवढी रिस्क नका घेऊ. आणि हो, रविवार असला तरी सकाळी मिसळ नको, घरचे पोहे नाहीतर पोळी-भाजी.

पेपर एक, म्हणजे जीएस (सामान्य अध्ययन), १०० प्रश्न २०० मार्क दोन तास, चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या दोन मार्कांपैकी एक चतुर्थांश जातात म्हणजे प्रत्येक चुकीला अर्धा मार्क. उत्तरपत्रिकेवरचे गोल भरायचे ते पानागणिक भरा, शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवू नका. एखादा प्रश्न सोडला की बोट प्रश्न क्रमांकावर ठेवूनच पुढचा गोल भरा, नाहीतर एक घर सरकतं आणि खालचं सगळं चुकत जातं, पेनाने भरलेला गोल खोडता येत नाही. आधी बैठक क्रमांक आणि प्रश्नपुस्तिकेचा संच बघून भरा, दोनदा बघा.

मधल्या सुट्टीत उत्तरं जुळवत बसू नका प्लीज. दोन घास खा, पाणी प्या, सावलीत गप्प बसा.

पेपर दोन, म्हणजे सीसॅट (उतारे, गणित, निर्णयक्षमता), फक्त पात्रतेपुरता आहे म्हणून लोक हलक्यात घेतात. ८० प्रश्न, २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ मार्क लागतातच, ते नसतील तर पेपर एकला कितीही पडू देत, उपयोग नाही. आमच्या अभ्यासिकेतला एक दादा, जीएसमध्ये सगळ्यांच्या पुढं असायचा, तो इथंच राहिला, त्याचा तो चेहरा मी विसरलेले नाहीये. उतारे आधी घ्या, मराठीतूनच वाचा, एका गणितावर पाच मिनिटं अडून राहू नका. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही, त्यातला एकही रिकामा सोडू नका.

बाहेर पडताना उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी आणि प्रश्नपुस्तिका घेऊन या. पहिली उत्तरतालिका आली की त्यावरूनच मार्क मोजायचेत, आणि एखादं उत्तर आयोगाचं चुकलंय असं वाटलं तर पुरावा जोडून मुदतीत हरकत टाकायचीय. मी त्या दोन्ही गोष्टी घरी आल्या आल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेवते.