तापणाऱ्या फिल्मचा आवाज: मॉडेल करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी थर्मोफोन, म्हणजे करंटनं तापणाऱ्या पातळ फिल्ममधून आवाज काढणारं साधन, हा विषय प्रोजेक्टला जरूर घ्यावा. त्याचं कॉम्प्युटर मॉडेल साध्या लॅपटॉपवर चालतं. पण बहुतेकांचं गाडं सुरुवातीलाच अडतं, कारण फिल्म थरथरते म्हणून आवाज येतो असं ते धरून चालतात. फिल्म जागची हलत नाही. करंटबरोबर ती तापते-निवते, तिला लागून असलेला हवेचा थर फुगतो-आकसतो आणि तोच आवाज करतो. तेव्हा समीकरणात कंपनं शोधू नका, उष्णतेचा हिशोब मांडा.

मॉडेलमध्ये आवाज वाजवीपेक्षा मोठा येतोय? मग फिल्मची स्वतःची उष्माधारकता, म्हणजे ती तापायला लागणारी उष्णता, हिशोबातून सुटलीय. अर्नॉल्ड आणि क्रँडल या अमेरिकी संशोधकांनी 1917 साली थर्मोफोनसाठी 0.7 मायक्रॉन जाडीची प्लॅटिनमची पट्टी वापरली. तिचं एक चौरस मीटर एका अंशानं तापवायला साधारण 2 जूल लागतात. 16 मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलला लागतात जवळपास 39, म्हणजे 1 किलोहर्ट्झला जवळजवळ सगळी ऊर्जा फॉइलच गिळते, हवेला काही उरत नाही. 2008 मध्ये चीनच्या त्सिंगह्वा विद्यापीठात कार्बन नॅनोट्यूबची (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) जी फिल्म वाजली, तिला 0.0077 जूल पुरतात. सगळा खेळ या आकड्याचा आहे, तो आधी काढा.

काचेवर चिकटवलेल्या फिल्मचंही तसंच. काच हवेच्या शेकडो पट उष्णता ओढते. मॉडेलमध्ये काचेचा थर घ्या, नाहीतर फिल्म अधांतरी ताणा.

नेहमीची तक्रार: ‘सर, 500 हर्ट्झचा करंट दिला, आवाजाचं शिखर 1000 वर येतंय!’ इथं कोड बरोबर आहे, तो बदलू नका. उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असते. करंट उलटा वाहिला तरी फिल्म तापतेच, म्हणून एका आवर्तनात ती दोनदा तापते. मूळ स्वर हवा असेल तर सोबत डीसी करंट द्या. डीसी एसीच्या शिखराएवढा असेल, तर मूळ स्वराचा उष्णताभाग दुप्पट स्वराच्या चौपट होतो. डीसीमुळे सरासरी तापमान चढतं, तेही हिशोबात धरा.

मेश, म्हणजे हिशोबासाठी हवेचे तुकडे पाडणारी जाळी, आवाजाच्या तरंगलांबीवरून ठरवू नका. 1 किलोहर्ट्झला तरंगलांबी 34 सेंटिमीटर, पण हवेतला तापणारा थर जेमतेम 0.08 मिलिमीटर. 10 किलोहर्ट्झला तो आणखी पातळ, 0.026. फिल्मजवळ मेश या थराहून बारीक हवा.

आणि सॉफ्टवेअरनं आपणहून भरलेला 1013 हेक्टोपास्कल दाब तसाच ठेवू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे, इथं दाब 925 च्या आसपास असतो. त्यानं हवेची घनता आठ-नऊ टक्क्यांनी उतरते आणि उष्णता थोडी लांबवर पसरते. गावातल्या लॅबमधल्या मोजमापाशी आलेख जुळवायचा असेल, तर आधी हा आकडा बदला.