एकसंध चाकूची मालिका बंद करावी का? हिशेब असा मांडा

मूठ आणि पातं एकाच बारमधून कोरलेला चाकू बाजारातून गेला की लोक म्हणतात, खप नसेल. बऱ्याचदा खप असतो, पण मशीनचे तास परवडत नाहीत. अमेरिकेत चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांची ए-२ पोलादाची (हे हवेत थंड करून कडक होणारं टूल स्टील) एकसंध मालिका नावाजलेली होती, तीही थांबली. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये असा माल काढत असाल, तर हिशेबाची सुरुवात वजनकाट्यापासून करा.

३२ मिमी व्यासाचा, ३०० मिमी लांब बार साधारण १.९ किलो भरतो. त्यातून पोकळ मुठीचा ३०० ग्रॅमचा चाकू काढला, तर १.६ किलो टूल स्टील चिप होऊन भंगाराच्या भावाने जातं. याउलट मूठ वेगळी जोडायच्या चाकूला लागणाऱ्या ४ मिमी जाड, ४० मिमी रुंद आणि २८० मिमी लांब पट्टीचं वजन ३५० ग्रॅमच असतं.

खरा फटका पाणी देताना, म्हणजे पोलाद तापवून कडक करताना बसतो. ए-२ साधारण ९५० ते ९७० अंश सेल्सिअसवर तापवून हवेत थंड करतात. पातळ पातं लवकर तापतं आणि लवकर निवतं, जाड मूठ मागे राहते, म्हणून पातं वाकतं. मुठीच्या टोपणाच्या आट्यांचा तळ धारदार राहिला असेल, तर चीर तिथूनच सुरू होते. तळाला गोलाई द्या, ६५० अंशांच्या आसपास थांबून मग वर न्या, पाणी दिल्यावर टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवणं) लांबवू नका. धारेकडे ०.८ मिमी जाडी राखली की वाकणं कमी होतं. मात्र कडक झालेलं पोलाद घासायला बेल्ट जास्त लागतात. इथे बाद झालेला नग आधीचे सगळे तास घेऊन बुडतो. जोडाच्या चाकूत निदान मूठ तरी बसवलेली नसते! शिवाय ए-२ मध्ये क्रोमियम ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ते गंजतं. कोटिंग आलंच.

आता भाव पाहू नका, तासाला सुटणारी रक्कम काढा. समजा, एकसंध चाकू ६,००० रुपयांना जातो, माल-हीट ट्रीटमेंट-कोटिंग-टूल्स मिळून १,७०० लागतात, मशीन ५ तास अडकते. १० पैकी १ बाद झाला, तर ५४,००० मधून १७,००० वजा जाता ३७,००० उरले; ५० तासांना भागा, तासाला ७४०. पट्टीचा चाकू २,५०० ला विकून ९०० खर्च आणि दीड तास लागत असेल, तर तासाला १,०६६. त्यातला एखादा बाद झाला तरी तोच पुढे राहतो. महाग नग कमी कमावतो, हे कागदावर आल्याशिवाय पटत नाही. आता आणखी एक आकडा काढा: तेच मशीन, म्हणजे व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), दुसऱ्यांच्या जॉबवर्कला दिलं तर तासाला काय मिळतं? एकसंध चाकूचा दर त्याच्याही खाली असेल, तर मालिका थांबवा. मशीन रिकामी पडून असेल, तर मात्र घाई नको.

बंद करायचं ठरलं की आधी शिल्लक बार मोजा आणि तेवढ्याचीच शेवटची बॅच लावा. विक्रेत्यांना ती निघण्याआधी कळवा. फिक्स्चर (मशीनवर नग पकडायची साधनं) आणि ड्रॉइंग ठेवून द्या. एकसंध चाकूची अणी तुटली तर बदलून द्यायला सुटा भाग नसतो, म्हणून पाणी दिलेले, धार न लावलेले काही नग तेल लावून बाजूला ठेवा. टोपणाचे ओ-रिंगही (रबरी कडी) मोजून ठेवा, वॉरंटीच्या मुदतीत तेच आधी संपतात.