अ‍ॅनिमेशनसाठी पात्र घडवताना आणि ते लोकांना दाखवताना या चुका टाळा

नवशिक्यांनी घडवलेली पात्रे तपासण्याचे काम माझ्याकडे वरचेवर येते आणि दर वेळी त्याच चुका समोर येतात. त्यांतली सर्वांत महागडी चूक म्हणजे हलवायच्या पात्राला भिंतीवर टांगायच्या चित्रासारखे सजवणे. ती मीही केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी वीस सेकंदांच्या एका जाहिरातीसाठी मी नऊवारी नेसलेली आजी रेखाटली. पदरावर मोर, अंगभर बुट्ट्या, काठाला जरीची नक्षी. ग्राहक पाहताक्षणी खूश झाला आणि मीही. सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी एक चित्र आम्ही दोन फ्रेम टिकवतो, म्हणजे सेकंदाला 12 आणि वीस सेकंदांची 240 चित्रे झाली. प्रत्येक चित्रात तीसच बुट्ट्या धरल्या तरी 7,200 बुट्ट्या हाताने काढायच्या होत्या, आणि आजी तर चक्क फुगडी घालणार होती. चौथ्या दिवशी पहिले तीन सेकंद चालवून पाहिले, तेव्हा प्रत्येक बुट्टी केसभर इकडेतिकडे सरकत असल्यामुळे पैठणीवर मुंग्या फिरत असल्याचा भास झाला. अखेर मोर आणि बुट्ट्या काढून टाकल्या, काठाचा एकच जाड पट्टा ठेवला, आणि आजी पूर्वीपेक्षा ठसठशीत दिसू लागली. वाया गेलेल्या चार दिवसांचे पैसे अर्थातच कोणी दिले नाहीत.

संगणकावर नक्षी चिकटवता येते, असे सांगणारे हमखास भेटतात. पण वळणाऱ्या कापडावर सपाट चिकटवलेली नक्षी पतंगाच्या कागदासारखी दिसते. जुन्या लोकांनी काटकसर पात्रातच मुरवली होती. हाना-बार्बेरा या अमेरिकी कार्टून स्टुडिओच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यातील कॉलर हौसेची नव्हे. धड स्थिर ठेवून फक्त डोके नव्याने काढता यावे आणि दोहोंचा सांधा झाकला जावा, यासाठी ती उपयोगी पडे. माझी सवय अशी, की रात्री पूर्ण केलेले पात्र सकाळी मूळ चित्र न पाहता पेनने काढायचे आणि हाताला जे आठवले नाही, ते पात्रातून वगळायचे.

दुसरी चूक निव्वळ आळसाची आहे. पात्र चहूबाजूंनी दाखवणाऱ्या टर्नअराउंडमध्ये एक बाजू काढायची आणि दुसरीसाठी तीच उलटी करायची, हा आडमार्ग सगळ्यांना लगेच सुचतो. तसे केले की आजीची नथ उजव्या नाकपुडीत जाते आणि डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर येतो. एका विद्यार्थ्याच्या पात्रात हे दाखवले, तेव्हा ‘कोणाच्या लक्षात येणार?’ असे उत्तर मिळाले. त्याच्या आईच्या पहिल्या नजरेत ते आले असते. दोन्ही बाजू स्वतंत्र काढाव्यात. फार तर एक तास जास्त लागतो.

हात खिशात किंवा पाठीमागे लपवू नयेत, कारण बोटे जमत नाहीत हे पाहणाऱ्याला तेवढ्यानेच कळते. आकृती पूर्ण काळी भरून पाहावी आणि पात्र ओळखू आले नाही, तर रंगाला हात लावू नये. एकाच कथेतील सर्व पात्रे एका रेषेवर शेजारी उभी करून त्यांच्या उंचीचे प्रमाण आधीच ठरवावे.

काम लोकांपुढे मांडतानाही घाई नडते. छपाईसाठी सीएमवायके या शाईच्या रंगपद्धतीत ठेवलेली फाइल तशीच आंतरजालावर चढवली की पडद्यावरचे रंग बदललेले दिसू शकतात, म्हणून तिथल्यासाठी एसआरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीत वेगळी प्रत काढावी आणि ती आधी साध्या फोनवर पाहावी. केवळ एक चकचकीत अंतिम चित्र टाकणाऱ्यांविषयी मला शंकाच येते. काम देणाऱ्याला भावमुद्रांचा तक्ता, टर्नअराउंड आणि नाकारलेली दोन-चार रेखाटनेही पाहायची असतात. ग्राहकाचे काम मात्र त्याच्या लेखी परवानगीवाचून आणि प्रसारित होण्याआधी कोठेही टाकू नये, मग स्केच कितीही कच्चे असो.