कुत्र्याला घेऊन वाइनरी फिरताना

निघण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: द्राक्ष हे कुत्र्यासाठी विष आहे. काळं, हिरवं, बिनबियांचं, ताजं, सगळंच. मनुका आणि बेदाणे तर त्याहून वाईट, कारण पाणी उडून गेलेलं असतं आणि उरलेला सगळा ऐवज त्या एवढ्याशा दाण्यात असतो. तरीही मी माझ्या ठमीला घेऊन वाइनरीत जाते आणि तुम्हीही जावं असं मला मनापासून वाटतं. वेलींच्या रांगांमधून सकाळी चालताना तिचं नाक जे काही वाचत असतं, तो आनंद तिला घरात बसून मिळत नाही. फक्त कुठे काय असतं ते माहीत हवं.

द्राक्षातलं नेमकं काय बाधतं हे खूप वर्षं कोडंच होतं. 2021 साली काही पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हे तेच आम्ल, ज्याच्यावर वाइनचा आंबटपणा उभा असतो. द्राक्षाची जात, पिकण्याची अवस्था यांप्रमाणे ते कमीजास्त होतं, त्यामुळे ‘इतके मणी चालतात’ असा हिशेब कोणीच देऊ शकत नाही. एखाद्या कुत्र्याला काहीच होत नाही, दुसऱ्याच्या किडन्या दोन-तीन दिवसांत काम थांबवतात. म्हणून कुत्र्याने मणी खाल्लेले दिसले तर लक्षणांची वाट पाहू नका. उलटी करवण्याचा उपयोग पहिल्या दोनेक तासांतच चांगला होतो, आणि ते काम पशुवैद्याचं. घरगुती उपाय म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळीच विषबाधा होते. रस्त्यावरच्या प्रत्येक मुक्कामाजवळचा चोवीस तास उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता, हे मी आधीच शोधून नंबर फोनमध्ये घालून ठेवते. हॉटेल शोधण्याच्या आधी हे करा.

काढणीच्या दिवसांत बाग सगळ्यात देखणी असते, पण कुत्र्यासाठी तो हंगाम मला पसंत नाही. वेलींखाली मण्यांचा सडा, ट्रॅक्टरची ये-जा, गाळल्यानंतर उरलेल्या चोथ्याचे ढीग. हा चोथा, म्हणजे साली, बिया आणि देठ, आंबत असतो, त्यात दारूही असते आणि वासाने कुत्री त्याकडे ओढली जातात. शिवाय फळ पिकायला लागलं की पक्षी उडवायला काही बागांत गॅसच्या तोफा लावतात. ठरावीक वेळाने धडाड आवाज होतो. फटाक्यांना घाबरणारं कुत्रं तिथे पट्टा तोडून पळू शकतं. वेलींवर फळ नसतानाचे, हवा थंड असतानाचे दिवस निवडा. जायचंच असेल काढणीत, तर रांगांमध्ये शिरू नका.

‘कुत्र्यांचं स्वागत’ या पाटीचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. कुठे टेस्टिंगच्या, म्हणजे वाइन चाखण्याच्या खोलीतही येऊ देतात, कुठे फक्त हिरवळीवर, कुठे पार्किंगलगतच्या दोन टेबलांपाशी. म्हणून फोन करा आणि सरळ विचारा. सावली कुठे आहे? वाइनरीचं स्वतःचं कुत्रं मोकळं फिरतं का? सध्या फवारणी चालू आहे का? शेवटचा प्रश्न लोकांना सुचत नाही. बुरशीसाठी वेलींवर गंधक मारतात, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात. निळसर डाग पानांवर दिसतात, पण खालच्या गवतावर पडलेलं दिसत नाही, आणि कुत्रं ते पायाला लावून नंतर चाटत बसतं. मी बागेतून आले की ठमीचे चारही पंजे ओल्या फडक्याने पुसते आणि बोटांच्या बेचक्यांत कुसळं आहेत का बघते. वाळलेल्या गवताचं कुसळ कातडीत, कानात किंवा नाकात शिरलं की आतच सरकत जातं, मागे येत नाही. फेरफटक्यानंतर कुत्रं सारखं डोकं झटकायला किंवा शिंकायला लागलं तर दवाखाना गाठा.

आता तळघराबद्दल. एखादा प्रेमळ मालक म्हणेल, ‘आणा की तिलाही आत, काही हरकत नाही.’ तुम्ही नम्रपणे नाही म्हणा. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साठतो. माणसाचं नाक जिथे असतं तिथली हवा ठीक असू शकते आणि त्याच वेळी गुडघ्याखालची नसते. कुत्रं गुडघ्याखालीच श्वास घेतं. ओल्या फरशीवर धुण्याची रसायनं असतात ती वेगळीच. आंबवण्याच्या टाक्या बघायच्या असतील तर पाळीपाळीने जा, एकाने बाहेर कुत्र्यापाशी थांबावं.

गाडीत ठेवून जाणं हा पर्याय नाहीच. बाहेर 21 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याला छान गार वाटणारी हवा असली, तरी बंद गाडीत दहा मिनिटांत 32 च्या आसपास आणि अर्ध्या तासात 40 पर्यंत पारा चढतो. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. चपट्या तोंडाच्या जातींना तर उन्हाचा त्रास आणखी लवकर होतो.

प्रवासाचं बाकी सोपं आहे. हार्नेस सीटबेल्टला अडकवा किंवा पिंजरा घट्ट बांधा. निघण्याआधी तीनचार तास जेवण नको, पाणी मात्र हवं. साधारण दोन तासांनी थांबा. दिवसाला दोन वाइनरी पुरेत, त्याही पहिली सकाळी उघडता उघडता, गर्दी व्हायच्या आत. तिसरीपर्यंत कुत्रं कंटाळलेलं असतं. आणि गाडी चालवणाऱ्याने वाइन पिऊ नये, यात मी तडजोड करत नाही; मागच्या सीटवरच्या जिवाला स्वतःसाठी बोलता येत नाही.

टेबलापाशी बसलात की आधी खाली वाकून बघा. आधीच्या लोकांचे सांडलेले बेदाणे, चॉकलेटचा तुकडा, बूच. बूच गिळलं तर आतड्यात अडकू शकतं. चीजच्या ताटात द्राक्षं, मनुका, मॅकाडेमिया नावाचा सुकामेवा, कांद्याचं लोणचं असं कुत्र्याला न चालणारं सगळं एकत्र येतं, म्हणून मी मागवतानाच द्राक्षं नकोत असं सांगते. चव घेऊन थुंकायची बादली जमिनीवर असेल तर टेबलावर ठेवायला सांगा. पट्टा टेबलाच्या पायाला न बांधता स्वतःच्या हातात किंवा कमरेला ठेवा. हलकं टेबल दचकलेल्या कुत्र्याच्या मागे फरफटत येतं, आणि ग्लासांच्या काचा त्याच्याच पायाखाली. ठमीसाठी मी तिची जुनी चादर नेते. तिच्या वासाची चादर पसरली की ती तिथे आडवी होते आणि मला ग्लासातल्या वाइनकडे नीट लक्ष देता येतं. ती धापा टाकायला लागली, सारखी उठबस करू लागली किंवा मागे वळून गाडीकडे बघू लागली, तर उरलेली टेस्टिंग सोडून निघते. आवडलेली बाटली विकत घेऊन मुक्कामी उघडता येतेच.