नोकरी सांभाळून फ्रंट-एंड डेव्हलपर कसं व्हावं

वेबसाइट उघडल्यावर डोळ्यांना जे दिसतं आणि बोटाखाली जे येतं, ते सगळं घडवणारा तो फ्रंट-एंड डेव्हलपर. मेनू, फॉर्म, बटनं, ईमेल चुकीचा टाकल्यावर येणारी लाल सूचना, हे सगळं त्याचं काम. दुसऱ्या क्षेत्रातून इकडे यायला महागडं साहित्य लागत नाही. साधा कॉम्प्युटर, ब्राउझर आणि मोफत मिळणारा एडिटर एवढ्यावर शिकता येतं. पण यायच्या घाईत अनेक जण पाया सोडून थेट वेबपानं बांधायचं तयार साधन असलेलं रिअ‍ॅक्ट शिकायला बसतात, तीन महिन्यांत अडतात आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं ठरवून मोकळे होतात. जमत नसतं असं नाही, क्रम चुकलेला असतो.

आधी पंधरा दिवस करून बघा

क्लासची फी भरण्याआधी आणि राजीनाम्याचा विचार मनात आणण्याआधी पंधरा दिवस हे काम करून बघा. कुठल्याही वेबपानावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. पानामागचा सांगाडा समोर येईल. मथळ्याचे शब्द बदला, रंग बदला. रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत होतं, त्यामुळे काही बिघडायची भीती नाही. मग व्हीएस कोड हा एडिटर घेऊन कोऱ्या फाइलपासून स्वतःबद्दलचं एक पान लिहा.

या पंधरा दिवसांत एखादी चूक तासभर सापडणार नाही आणि शेवटी तिथे नुसता एक कंस राहून गेलेला असेल. चिडचिड सगळ्यांचीच होते. दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटलं का, एवढंच बघा. वाटलं असेल तर पुढे चला.

पाया: तीन भाषा, याच क्रमाने

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर ठेवलेलं जगातलं पहिलं वेबपान आजच्या ब्राउझरमध्येही नीट वाचता येतं. याउलट २०१० मध्ये आलेल्या आणि एके काळी खूप मागणी असलेल्या अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कचा (वेबपानं बांधायच्या तयार साधनाचा) अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस बंद झाला. फ्रेमवर्क येतात आणि जातात. पानाचा सांगाडा लिहिणारी एचटीएमएल, त्याचं रूप ठरवणारी सीएसएस आणि त्याला हलतं-बोलतं करणारी जावास्क्रिप्ट, या तीन भाषा मात्र टिकून आहेत.

एचटीएमएल दोन दिवसांत उरकू नका. बटनासाठी ‘बटन’ हाच टॅग (घटकाची खूण) का वापरायचा, ‘डिव्ह’ला, म्हणजे नुसत्या रिकाम्या चौकटीला, बटनासारखं सजवलं तर काय बिघडतं, हे समजून घ्या. दिसायला दोन्ही सारखी असतात. पण माउस बाजूला ठेवून टॅब की दाबत गेलात, तर डिव्हचं बटन सापडतच नाही. ज्यांना दिसत नाही किंवा माउस धरता येत नाही, त्यांच्यासाठी ते पान तिथेच संपतं. हे ज्याला आतून कळलं, तो पहिल्या महिन्यातच चांगल्या वाटेला लागला, असं मी मानतो.

सीएसएसमध्ये बॉक्स मॉडेल (घटकाच्या आतली-बाहेरची जागा), फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड (मांडणीच्या पद्धती) आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे रूप बदलणारे नियम) पक्क्या करा. ग्रिड २०१७ मध्ये बहुतेक प्रमुख ब्राउझरांत आलं. पानाची मांडणी फ्लोट या जुन्या पद्धतीने शिकवणारं जुनं ट्यूटोरियल दिसलं तर वेळ घालवू नका. मांडणी आधी फोनच्या अरुंद पडद्यासाठी करा आणि मग रुंद पडद्याकडे जा.

सर्वांत जास्त वेळ जावास्क्रिप्टला द्या. व्हेरिएबल, फंक्शन, अ‍ॅरे, ऑब्जेक्ट, इव्हेंट आणि सर्व्हरकडून माहिती आणणं, एवढं नीट आलं की पुष्कळ आलं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला होता, आणि तिच्यात काही खोडी आहेत. फॉर्ममध्ये भरलेला ५ भाषेच्या लेखी आकडा नसून मजकूर असतो, म्हणून त्यात १ मिळवला की ६ च्या जागी ५१ मिळतं. अशा वेळी स्वतःला मठ्ठ समजू नका. सगळेच इथे एकदा ठेचकाळतात.

शिकण्यासाठी मोझिलाचं एमडीएन, फ्रीकोडकॅम्प आणि ओडिन प्रोजेक्ट ही तिन्ही संकेतस्थळं मोफत आहेत. यांतला शिकण्याचा मार्ग एकच निवडा आणि शेवटपर्यंत न्या. एमडीएन मात्र शब्दकोशासारखं कायम उघडं ठेवा. एआयला कोड लिहायला सांगण्याचा मोह फार होतो. पहिले काही महिने त्याला फक्त ‘ही ओळ काय करते’ असं विचारा. जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ती तुमच्या फाइलमध्ये राहू देऊ नका.

रोज दीड तास मिळत असेल, तर अर्ज करण्याइतक्या तयारीला मी साधारण वर्ष धरतो. तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून चार हात लांब राहा.

जुन्या कामातून नवा प्रोजेक्ट

टू-डू लिस्ट आणि हवामानाचं अ‍ॅप सगळेच करतात. तुमच्याकडे त्याहून मोलाचं काहीतरी आहे: तुम्ही आजवर केलेलं काम. समजा, तुम्ही नर्स आहात. वॉर्डातल्या ड्यूट्यांचं वेळापत्रक करणारं पान बनवा. रात्रपाळी संपल्याबरोबर सकाळची पाळी लावता कामा नये, सुट्टीची अदलाबदल दोघींच्या संमतीने व्हावी, कागद भिंतीवर लावायचा म्हणून तो नीट छापता आला पाहिजे, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. नुसता कोड येणाऱ्याला ते सुचणारही नाही. हिशेबनीस, शिक्षक, गोदाम सांभाळणारे, प्रत्येकाकडे असं काहीतरी असतंच. फक्त त्यात खऱ्या माणसांची नावं किंवा कामाच्या ठिकाणची माहिती घालू नका. नमुन्यादाखल खोटी माहिती वापरा.

असा एकच प्रोजेक्ट पूर्ण तडीस न्या. यादी रिकामी असताना काय दिसतं? नाव फार लांब असेल तर? नेट मधेच गेलं तर? अक्षरं पार्श्वभूमीवर उठून दिसतात का? सुलभतेच्या मान्य निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक (कॉन्ट्रास्ट) मागितलेला आहे आणि ब्राउझरच्या साधनांत तो मोजता येतो. ते पान तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना वापरायला द्या आणि गप्प राहून बघा. ते जिथे अडतील, तिथे पुढच्या आठवड्याचं काम ठरलं.

याच काळात गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, शिका. रोजचा बदल नोंदवून गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर चढवा आणि त्याच्याच गिटहब पेजेसवरून पान मोफत लोकांसमोर आणा.

आता रिअ‍ॅक्टकडे वळा. हाच प्रोजेक्ट त्यात पुन्हा लिहा, म्हणजे रिअ‍ॅक्ट नेमका कुठला त्रास वाचवतं ते कळेल. जावास्क्रिप्टचीच जास्त काटेकोर आवृत्ती असलेली टाइपस्क्रिप्ट त्यानंतर.

अर्ज

नवशिक्यांसाठी जागा कमी आणि अर्ज फार, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून पगार चालू असतानाच अर्ज सुरू करा, निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आणि आधी सध्याच्याच कार्यालयात चौकशी करा. तुमचं नाव आणि काम माहीत असलेल्यांकडे एखादं अंतर्गत पान सुधारायचं काम निघालं, तर तो तुमचा पहिला खरा अनुभव.

बायोडेटात जुनी नोकरी लपवू नका. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीला वॉर्ड पाहिलेला डेव्हलपर हवाच असतो. मुलाखतीत ‘हे असंच का केलंत’ हा प्रश्न येतो, तेव्हा स्वतःचा कोड मोठ्याने समजावून सांगायचा सराव घरीच करा.

आणि अर्ज पाठवण्याआधी त्यातली लिंक दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. तुमच्या कॉम्प्युटरवर चालतं आणि बाहेर कोरं पान दिसतं, असं पुष्कळदा होतं.