रिव्हॉल्व्हरला खांद्याचा दस्ता लावताय? या चुका टाळा

ठासणीच्या, म्हणजे दारू आणि गोळी समोरून ठासून भरायच्या रिव्हॉल्व्हरला दस्ता लागला की हातात छोटी रायफल आल्यासारखं वाटतं आणि डावा हात आपसूक पुढे जाऊन नळीखाली टेकतो. सगळ्यात मोठी चूक हीच. दस्ता लावला तरी ते रिव्हॉल्व्हरच राहतं. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये फट असते. प्रत्येक बाराला त्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना फेकले जातात. हात पुढे असेल तर मनगट आणि कोपराखालचा भाग थेट त्या माऱ्यात येतो.

याहून वाईट म्हणजे एका बाराबरोबर सिलिंडरमधल्या शेजारच्या घरांतले (दारू-गोळी भरायच्या भोकांतले) बारही पेटणं. त्या घरांसमोर नळी नसते, पण तुमचा हात असू शकतो. हे काही नवं नाही. कोल्टची १८५५ ची सिलिंडरवाली रायफल अमेरिकन यादवी युद्धात वापरली गेली, आणि याच कारणाने सैनिक तिला बिचकून असत. काही जण डावा हात वाचवण्यासाठी ठासणीचा दांडा खाली ओढून तोच धरत.

मग डावा हात ठेवायचा कुठे? चापाच्या कडीखाली, किंवा उजव्या हाताच्या मुठीभोवती, पिस्तूल दोन्ही हातांनी धरतात तसा. सिलिंडरच्या पुढे एक बोटही जाता कामा नये. दस्ता खांद्याला टेकलेला असतो, त्यामुळे तेवढा आधार पुरतो. नवशिक्याच्या हाती रिव्हॉल्व्हर देण्याआधी ही पकड त्याच्याकडून रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर घोटून घ्या. सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या बाराला हात पुन्हा पुढे सरकतो.

शेजारची घरं पेटू नयेत म्हणून दोन्ही टोकांकडे लक्ष हवं. पुढून गोळी घट्ट बसायला हवी: .४४ कॅलिबरच्या नकलांना (जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नव्या प्रतींना) बनावटीप्रमाणे .४५१ किंवा .४५४ इंचाची शिशाची गोळी लागते, आणि ती ठासताना घराच्या काठावर शिशाची बारीक अखंड कडी निघाली पाहिजे. कडी तुटक निघाली किंवा निघालीच नाही, तर गोळी लहान आहे. वरून ग्रीस लावा, नाहीतर दारू आणि गोळीच्या मध्ये ग्रीसमध्ये भिजवलेली नमद्याची चकती घाला. मागून टोपी, म्हणजे घोडा पडताच ठिणगी देणारी धातूची छोटी वाटी, निपलवर (घरामागच्या पोकळ बोंडीवर) पक्की बसली पाहिजे. सैल टोपी चिमटून बसवायची सवय अनेकांना असते. त्यापेक्षा योग्य मापाची टोपी आणा. आणि यात धूररहित दारू कधीही, चिमूटभरसुद्धा, घालू नका. ही रिव्हॉल्व्हरं तो दाब सोसण्यासाठी बनलेलीच नाहीत.

दस्ता हलतोय?

आधी रिव्हॉल्व्हर कोणतं आहे ते पाहा. कोल्टच्या १८६० च्या आर्मी मॉडेलमध्ये दस्ता घेणाऱ्या सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना जादा स्क्रूची डोकी बाहेर आलेली असतात, सिलिंडरमागच्या ढालीची खालची कड कापलेली असते, आणि मुठीच्या तळाशी खाच असते. दस्त्याच्या लोखंडी पकडीच्या खाचा त्या डोक्यांवर बसतात, खालचा आकडा मुठीच्या खाचेत अडकतो आणि चक्री फिरवली की सगळं आवळलं जातं. यातलं काही नसेल तर तो दस्ता तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी नाहीच. उबेर्ती आणि पिएत्ता या दोन्ही इटालियन कारखान्यांच्या नकला दिसायला जुळ्या, पण एकाचा दस्ता दुसऱ्याला जसाच्या तसा बसेल हे गृहीत धरून पैसे भरू नका.

सगळं जागेवर असूनही दस्ता डुगडुगत असेल, तर बहुतेक लोक चक्री आणखी आवळतात. त्याने आकडा वाकतो, किंवा लोखंडी पट्टी जिथे लाकडात शिरते तिथे लाकूड चिरतं. त्याऐवजी मेणबत्तीची काजळी आकड्यावर आणि पकडीच्या खाचांवर धरा, दस्ता हलक्या हाताने बसवा, काढा आणि पाहा. जिथे काजळी पुसली गेली तिथेच धातूला धातू टेकतोय. बहुधा एकाच बाजूला पुसलेलं दिसतं. तेवढंच, बारीक कानशीने, एकेक हात फिरवून कमी करायचं, आणि कानस लागेल ती दस्त्यालाच. रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याला हात लावायचा नाही.

सिलिंडर फिरेना, नेम वर जातो

मोकळ्या हाताने चालवताना जाणकार मंडळी घोडा ओढताना नळी वर करतात, म्हणजे फुटलेल्या टोपीचे तुकडे मागे, बाहेर पडतात. खांद्याला दस्ता लावून बसल्यावर नळी आडवीच राहते आणि तेच तुकडे घोड्याच्या खाचेतून आत सांडतात. यंत्र अडकतं, आणि अडकल्यावर माणूस घोड्याशी झटापट करतो. ती करू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून उरलेल्या टोप्या काढा, मग तुकडा शोधा. पुढच्या वेळी प्रत्येक बारानंतर दस्ता खांद्यावरून काढा आणि नळी, लक्ष्याच्याच दिशेने, उंच करून घोडा ओढा. वेग कमी होईल, पण रिव्हॉल्व्हर चालू राहील.

दस्त्यामुळे चेहराही टोपीच्या जवळ येतो. सुरक्षा चष्म्याशिवाय एकही बार काढू नये.

नेमाचं म्हणाल, तर या कोल्टचा मागचा नेम म्हणजे घोड्याच्या नाकावरची खाच. दस्ता लावल्यावर ती डोळ्याच्या इतकी जवळ येते की धूसर दिसते. तिच्याकडे न बघता नळीच्या टोकावरच्या माशीवर नजर ठेवा. मूळ कोल्ट जवळच्या अंतरावर वरच मारतात, आणि ते पाहून काही जण माशी घासतात. घासल्याने गोळी आणखी वर जाते! खाली आणायची तर माशी उंच करावी लागते. तेही दस्ता लावून आणि न लावून दोन्ही प्रकारे कागदावर पाहिल्याशिवाय करू नये, कारण धक्का वेगळा बसतो आणि गोळीची जागा बदलते.

कायदा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी हौशींसाठी हे महत्त्वाचं. तिथल्या केंद्रीय कायद्यात टोपी-गोळीची ठासणीची नक्कल पुराण शस्त्रात मोडते, म्हणून तिला दस्ता चालतो. पण त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं घेणारं बदली सिलिंडर घातलं आणि दस्ताही लावला, तर ती १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल होते. नोंदणीशिवाय तसं करणं गंभीर गुन्हा आहे. दोन्ही वस्तू घरात असतील तर वेगळ्या जागी ठेवा. राज्यांचे नियम निराळे असतात, ते आधी तपासा. भारतात कोकणातल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूकही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते आणि परवाना लागतो, तेव्हा तिकडची नक्कल आणि दस्ता सामानात टाकून आणायचा विचारही करू नका.

घरी आल्यावर

दस्ता काढून ठेवा. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि पकडीच्या खाली, स्क्रूच्या डोक्यांभोवती, जिथे कापड पोचत नाही तिथे गंज धरते. साबण आणि गरम पाणी, मग पूर्ण कोरडं करून तेल. दस्त्याच्या लाकडाला पाणी लागू देऊ नका, लोखंडी भाग ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करा.

अस्सल जुना दस्ता हाती आला असेल तर त्याला कानस, पॉलिश काहीच नको. घोडदळासाठी रिव्हॉल्व्हरच्या जोडीला एकच दस्ता दिला जाई, म्हणून काही दस्त्यांवर दोन रिव्हॉल्व्हरांचे क्रमांक ठोकलेले सापडतात. ते घासले गेले तर वस्तूची ओळखच जाते. पाण्याची बाटली पोटात असलेले दस्तेही कोल्टने काढले होते. ते दुर्मिळ आहेत आणि त्यांच्या खोट्या प्रती बाजारात फिरतात. जाणकाराने पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.